आडत आणि अडवणूक

जुन्नरच्या, दिंडोरीच्या, सांगोल्याच्या शेतकऱ्याला पट्टी म्हणजे तीन-चार महिन्यांच्या राबणुकीचा निकाल. संध्याकाळी टेम्पोत भरून दिलेला माल रात्रीतून घाट उतरतो. पहाटे तो वाशी-तुर्भ्याच्या घाऊक बाजाराच्या धक्क्यावर लागतो, उजाडायच्या आत विकला जातो. मग एक-दोन दिवसांत त्याच टेम्पोवाल्याच्या खिशातून एक पातळ कागद गावाकडे परत येतो. वर गाळ्याचा नंबर. खाली नग, वजन, दर आणि एकूण रक्कम. तिथून पुढे वजाबाकी सुरू होते: भाडे, हमाली, तोलाई, वाराई आणि, २०१६ पर्यंत, आडत म्हणजे आडत्याची दलाली. तळाला उरते ते शेतकऱ्याचे. घरात हा कागद वरून खाली कोणी वाचत नाही, आधी तळाचा आकडा बघतात आणि मग डोळे वर वर चढत जातात.

त्या कागदावरच्या आडतीच्या ओळीची ही गोष्ट आहे. शेकडा सहा, कुठे आठ. चाळीस हजारांच्या टोमॅटोवर आठ टक्के म्हणजे बत्तीसशे रुपये. शेतकऱ्याच्या पट्टीतून ही ओळ काढून ती माल घेणाऱ्याच्या बिलात घालायची, एवढेच करायचे होते. सरकारने ठरवले असते तर एका परिपत्रकात होणारे काम. ते किती वेळा, कोणी आणि कसे अडवले हे पाहिले, की आपल्याकडे कायदा कुठे थांबतो ते कळते. कायदा मोडणारे सापडतात, त्यांच्यावर खटले तरी चालतात. कायदा अडवणाऱ्यांवर खटला चालत नाही, आणि नुकसान तर त्यांनीच जास्त केले आहे, असे माझे मत आहे.

आडत्याची बाजू आधी सांगायला हवी, कारण ती खोटी नाही. आडत्या हा शेतकऱ्याचा मुंबईतला माणूस. सिन्नरचा शेतकरी रोज वाशीला येऊन उभा राहू शकत नाही. त्याचा माल आडत्या उतरवून घेतो, गिऱ्हाईक गाठतो, भाव ठरवतो. दादरचा, मालाडचा, उल्हासनगरचा किरकोळ भाजीवाला माल उधारीवर नेतो. ती उधारी वसूल होवो न होवो, शेतकऱ्याला पैसे देण्याची जबाबदारी आडत्याची. लग्नकार्याला, बियाण्याला उचल लागली तर गाळ्यावर शब्द टाकता येतो. अनेक घरांचा एकाच गाळ्याशी दोन-दोन पिढ्यांचा संबंध आहे. हे सगळे कबूल. पण भाव कसा ठरत होता तेही सांगितले पाहिजे. फळबाजारात हापूसच्या हंगामात रुमालाखाली हात घालून बोटे दाबून भाव ठरवायची जुनी चाल होती. हिला हत्ता म्हणतात. नियमाने ती बंद, तरी तिची सवय सुटता सुटली नाही. ज्याचा माल आहे तो समोर उभा असला तरी रुमालाखाली किती बोटे दाबली गेली हे त्याला दिसत नाही. आणि अशा भावावर शेकडेवारी कापली जात होती ती त्याच्याच पट्टीतून.

हा अंधार दूर करण्यासाठीच तर बाजार समित्या निघाल्या. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. त्यात इंग्रजांचा हेतू शुद्ध नव्हता, मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात हवा होता. पण वजनकाटा तपासला जावा, मनमानी कटौती बंद व्हावी, हे तत्त्व तिथून रुजले. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३९ साली मुंबई प्रांताने कायदा केला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६३ सालचा, तो अमलात आला १९६७ मध्ये. त्यानुसार मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली १९७७ साली. कारंज्याचा बाजार ते मुंबईची समिती यांत एक्क्याण्णव वर्षे गेली. वऱ्हाडातल्या एका गावाला जे मिळाले ते देशातल्या सर्वांत मोठ्या बाजारपेठेला मिळायला इतका काळ लागावा, यातच पुष्कळ काही आले.

समिती झाली तरी बाजार जागचा हलेना. मुंबईचा घाऊक व्यापार भायखळ्याला, मशीद बंदरला, क्रॉफर्ड मार्केटला दाटीवाटीने बसला होता. क्रॉफर्ड मार्केटला आता महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या माणसाचे नाव शेतमालाच्या बाजारावर असावे हे योग्यच आहे. ट्रकांनी शहराचा गळा आवळला होता, म्हणून बाजार खाडीपलीकडे न्यायचे ठरले. सिडकोची स्थापना १९७० ची, वाशीचा खाडीपूल १९७३ चा. कांदा-बटाटा बाजार तुर्भ्याला गेला १९८१ साली. मसाला आणि धान्य बाजार गेले नव्वदीच्या सुरुवातीला. भाजी आणि फळ बाजार जायला १९९६ उजाडले. पहिल्या ट्रकापासून शेवटच्या ट्रकापर्यंत पंधरा वर्षे! मुदती पडल्या, पुढे ढकलल्या गेल्या. गाळे अपुरे, गिऱ्हाईक येणार नाही, रेल्वे नाही, अशी कारणे होती. रेल्वेचे कारण खरेच होते, वाशीला लोकल पोहोचली १९९२ मध्ये. तरी केवळ सांगून बाजार हलत नाहीत हे सरकारलाही उमगले असावे. कोणते घाऊक बाजार महानगर प्रदेशात कुठे असावेत, हे ठरवण्यासाठी १९८३ साली स्वतंत्र कायदाच करावा लागला. लोखंडबाजार कळंबोलीला नेण्यात तोच कामी आला.

बाजार हलला तो माथाडींच्या डोक्यावरून. त्यांच्याशिवाय ही गोष्ट अपुरी राहील. अडवणूक हा शब्द मी दोषाच्या अर्थाने वापरतो आहे, पण रस्त्यात उभे राहून अडवणे हे दुबळ्याचे एकमेव हत्यार असते, हे याच बाजाराने दाखवले आहे. अण्णासाहेब पाटील साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे. डोंगरी भागातून पोटासाठी मुंबईला आलेल्या, पाठीवर-डोक्यावर ओझी वाहणाऱ्या माणसांना त्यांनी एकत्र केले. या माणसांना मालक नव्हता, हजेरी नव्हती, पगारपत्रक नव्हते. आज या दुकानात, उद्या त्या. काम बंद ठेवणे एवढेच त्यांच्या हाती होते आणि ते त्यांनी केले. त्यातून १९६९ सालचा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. असा कायदा देशात आधी नव्हता. कामगाराची नोंद माथाडी मंडळाकडे, मजुरी त्या मंडळाकडून, भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा. पोतं उचलणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कागदावर नाव मिळाले.

याच अण्णासाहेबांनी २२ मार्च १९८२ रोजी आर्थिक निकषावर मराठा समाजाला आरक्षण मागण्यासाठी मुंबईत प्रचंड मोर्चा काढला. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. मागणी मान्य झाली नाही. दुसऱ्या दिवशी, २३ मार्चला, अण्णासाहेबांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. लोकांना दिलेला शब्द पुरा झाला नाही, याची किंमत त्यांनी स्वतः चुकवली. पुढे बेचाळीस वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, मराठा आरक्षण मागणारे लाखो लोक मनोज जरांगे यांच्याबरोबर मुंबईकडे निघाले आणि वाशीत थांबले. त्यांची मुक्कामाची सोय झाली ती एपीएमसीच्या बाजारांत. जिथे कांद्याच्या गोणी लागतात तिथे माणसे झोपली. २७ जानेवारीला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे अधिसूचनेचा मसुदा घेऊन वाशीला आले. त्या मागणीच्या गुणदोषात मी इथे जात नाही. सांगायचे ते इतकेच, की ही अडवणूक दिवसाढवळ्या होती, अडवणारे स्वतः थंडीत उभे होते आणि काय मागतो आहोत ते मोठ्याने सांगत होते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे १९८० साली चाकणला पुणे-नाशिक रस्त्यावर बसलेले कांदेवालेही असेच होते.

आडतीची अडवणूक वेगळ्या जातीची.

डिसेंबर २०१४. राज्यात नवे सरकार येऊन दोन महिनेही झाले नव्हते. पणन संचालक सुभाष माने यांनी आदेश काढला, की यापुढे आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. वर्षानुवर्षे शेतकरी संघटना जे मागत होत्या ते एका अधिकाऱ्याने कागदावर आणले. व्यापाऱ्यांनी बाजार बंदची भाषा सुरू केली आणि काही दिवसांतच पणन मंत्री चंद्रकांत पाटील यांनी त्या आदेशाला स्थगिती दिली. आदेश चुकीचा आहे असे सरकारने म्हटले नाही. बरोबर आहे असेही म्हटले नाही. स्थगिती. या शब्दाची ताकद न्यायालयाबाहेरच्या माणसाला लवकर कळत नाही. निकाल विरोधात गेला तर वर दाद मागता येते. स्थगितीत निकालच नसतो. फाइल जिवंत असते, तिच्यावर तारखा पडतात, आणि मधल्या काळात रोज पहाटे धक्क्यावर माल उतरत असतो, रोज आडत कापली जात असते. दीड वर्ष गेले. दीड वर्षाच्या पट्ट्या.

जुलै २०१६ च्या सुरुवातीला देवेंद्र फडणवीस सरकारने अध्यादेश काढला. फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त, म्हणजे शेतकऱ्याला माल कुठेही विकता येईल, आणि बाजारात विकला तर आडत खरेदीदाराने द्यायची. अधिकाऱ्याचा आदेश मंत्र्याला थांबवता आला होता. अध्यादेशावर राज्यपालांची सही असते. त्यामुळे या वेळी अडवायला बाजारच बंद करावा लागला. त्याच दिवसांत मंत्रिमंडळात बदल होऊन पणन खाते सुभाष देशमुख यांच्याकडे आले होते आणि शेतकरी चळवळीतून आलेले सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले होते. ऐन पावसाळ्यात वाशीचे भाजीचे गाळे बंद राहिले. कोथिंबीर, मेथी, पालक हा माल थांबत नाही. पोत्यातला गहू महिनाभर वाट पाहतो, मेथीची जुडी दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. बंदचा पहिला घाव म्हणूनच व्यापाऱ्याला बसत नाही. तो बसतो माळशेज घाटात ट्रक थांबवून “आता पुढे जायचं का मागं फिरायचं?” असे फोनवर विचारणाऱ्याला.

पण या वेळी सरकार लवकर मागे हटले नाही. शेतकऱ्यांना थेट विक्रीसाठी शहरांत जागा दिल्या गेल्या. सावता माळी महाराजांच्या नावाने आठवडे बाजार सुरू झाले. ज्या संताने मळ्यातच विठ्ठल पाहिला त्याचे नाव शोभले. काही दिवसांत घाऊक व्यापारी कामावर परतले आणि फळे-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराच्या बाजूला गेली. या सगळ्या इतिहासात शेवटपर्यंत तडीस गेलेली हीच एक गोष्ट. ती तडीस गेली, कारण अडवणाऱ्यांना उघड्यावर यावे लागले आणि सरकारला उघडपणे उत्तर द्यावे लागले. दोघांचे म्हणणे लोकांनी ऐकले, भाजीचे भाव लोकांनी सोसले, आणि काय बरोबर ते ठरले.

पुढच्या वेळी तसे झाले नाही. बाजार समितीचे नियमन फक्त बाजाराच्या आवारापुरते ठेवायचे, आवाराबाहेरचा व्यापार मोकळा करायचा, असे दुरुस्ती विधेयक २०१८ च्या हिवाळी अधिवेशनात आले. ते अधिवेशन त्या वर्षी नागपूरऐवजी मुंबईत होते, म्हणजे वाशीपासून खाडीपलीकडे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात व्यापारी आणि माथाडी दोघांनी मिळून बंद पुकारला. एरवी हमालीच्या दरावरून, पन्नास किलोपेक्षा जड गोणीवरून समोरासमोर उभे राहणारे हे दोघे या वेळी एका बाजूला होते. सरकारने विधेयक विधान परिषदेतून मागे घेतले.

माथाडींची भीती खरी होती असे मला वाटते. त्यांच्या टोळ्या गाळ्यांशी बांधलेल्या आहेत. व्यापार महामार्गावरच्या गोदामात गेला की तिथे मंडळाची नोंद कोण करणार, लेव्ही कोण भरणार? कायदा तिथेही लागू आहे हे वकील सांगेल, पण नोंद नसलेल्या हमालाला वकील भेटत नाही. आवाराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने माथाडी मंडळाकडे नोंद केलीच पाहिजे, एवढे एक कलम विधेयकात घालता आले असते. कुणी तसे सुचवले असते, कुणी विरोध केला असता, मत पडले असते, कोण कुणाच्या बाजूने आहे ते गावोगावच्या शेतकऱ्याला आणि कोपरखैरण्याच्या माथाडी वस्तीला कळले असते. परिषदेत मतदानच झाले नाही. विधेयक मागे गेले. शेतकऱ्याचा प्रश्न तिथेच राहिला, हमालाचाही तिथेच.

मग २०२० आले. केंद्राने ५ जूनला शेतमाल व्यापाराचे अध्यादेश काढले. बाजाराच्या आवाराबाहेर कर नाही, परवाना नाही. १० ऑगस्टला महाराष्ट्राचे पणन संचालक सतीश सोनी यांनी त्यांची अंमलबजावणी करण्याचा आदेश काढला. राज्यात आता सरकार दुसरे होते, केंद्राच्या विरोधातल्या पक्षांचे. सप्टेंबरच्या शेवटी पणन मंत्री बाळासाहेब पाटील यांनी त्या आदेशाला स्थगिती दिली. सहा वर्षांत दुसऱ्यांदा हेच घडले. पहिल्या वेळी मंत्री एका पक्षाचा, दुसऱ्या वेळी त्याच्या विरोधकांचा. आदेशांचा मजकूर वेगळा होता, पण मंत्र्याच्या टेबलावर त्यांचे झाले तेच. म्हणून या इतिहासात एका पक्षाला दोषी आणि दुसऱ्याला निर्दोष ठरवणारा माणूस मला प्रामाणिक वाटत नाही.

दिल्लीत तर याहून वाईट घडत होते. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत, केंद्राच्या अध्यादेशांच्या जागी आलेल्या तीन विधेयकांपैकी दोन आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधकांनी मतविभागणी मागितली, ती दिली गेली नाही. मतविभागणी मागितली की मते मोजायची, ही सभागृहाची रीत. उपसभापतींचे म्हणणे असे, की मागणारे सदस्य आपापल्या जागेवर नव्हते. सदस्य आसनासमोर धावले, नियमपुस्तिका फाटली, माइक उखडले. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले, त्यांत आपल्या हिंगोलीचे राजीव सातव होते. गोंधळ घालून सभागृह अडवणे आणि मते न मोजता विधेयक पुढे दामटणे या एकाच रोगाच्या दोन बाजू आहेत. दोन्हींत माणसे मोजायचे टाळले जाते. शेतकऱ्याच्या नावाने चाललेल्या सभागृहात त्या दिवशी नेमके किती जण त्याच्या बाजूने होते आणि किती विरोधात, हे कधीच नोंदले जाणार नाही.

पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीच्या सीमांवर बसले. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही कायद्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. सरन्यायाधीश होते नागपूरचे शरद बोबडे. न्यायालयाने चार जणांची समिती नेमली. तिच्यात शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. एक सदस्य, भूपिंदरसिंग मान, लगेच बाजूला झाले. तिघे राहिले. आंदोलक संघटनांनी समितीपुढे यायला नकार दिला, तो त्यांचा हक्क होता. समितीने मार्च २०२१ मध्ये सीलबंद लिफाफ्यात अहवाल न्यायालयाला दिला.

लिफाफा उघडला गेला नाही.

महिन्यामागून महिने गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये घनवटांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून अहवाल जाहीर करण्याची विनंती केली. काही झाले नाही. १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी कायदे मागे घेत असल्याचे जाहीर केले आणि २९ नोव्हेंबरला संसदेच्या दोन्ही सभागृहांनी एकाच दिवसात, चर्चेविना, ते रद्द केले. मंजूर करताना मते मोजली नाहीत, रद्द करताना तोंड उघडू दिले नाही. शेवटी मार्च २०२२ मध्ये घनवटांनीच अहवाल लोकांपुढे ठेवला. त्यात होते, की समितीपुढे आलेल्या ७३ संघटनांपैकी ६१ संघटना कायद्यांच्या बाजूने होत्या. या आकड्यावर भांडता येईल. जे आले नाहीत ते त्यात नाहीत, हे पहिलेच भांडण. पण ते भांडण कायदे जिवंत असताना व्हायला हवे होते. आकडा हाती आला तेव्हा कायदे जाऊन जवळजवळ चार महिने झाले होते.

आणि ज्यांनी रोज या बाजाराचे बघायचे ती समिती? २०२० साली निवडून आलेल्या तिच्या मंडळाच्या रचनेत शेतकऱ्याचे बहुमत होते. राज्याच्या सहा महसूल विभागांतून प्रत्येकी दोन शेतकरी प्रतिनिधी, पाच बाजारांचे पाच व्यापारी, हमाल-मापाडींचा एक. कागदावर हे घर शेतकऱ्याचे होते. पण त्याआधी काही वर्षे इथे निवडणूकच नव्हती, प्रशासक कारभार पाहत होता. फेब्रुवारी २०२० मध्ये मतदान झाले, नवे संचालक मंडळ आले. पुढे त्यांतले काही सदस्य आपापल्या गावच्या बाजार समितीची मुदत संपल्याने अपात्र ठरले आणि बैठकीला कोरम भरेना. कोरम नाही म्हणजे धोरणात्मक निर्णय नाहीत. कुणी काही नाकारत नाही, ठराव मांडलाच जात नाही.

कांदा-बटाटा बाजारात आत जाऊन वर पाहा. १९८१ साली सगळ्यांआधी इथे आला तो हा बाजार, त्याच्या इमारती महापालिकेने धोकादायक ठरवल्या, पुनर्बांधणीचा विषय वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. दर पावसाळ्याआधी नोटीस लागते. स्लॅबचे पापुद्रे सुटलेले, गंजलेल्या सळया उघड्या. त्याखाली माथाडी गोणी वाहतो, गोणी सोलापूरच्या किंवा निफाडच्या शेतकऱ्याची आहे, आणि वरचे छत दुरुस्त करायचे की पाडायचे याचा निर्णय कुणाच्या तरी टेबलावर आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरचा माल वाशीला जातो त्यांना एक विनंती. पट्टी आली की तळाचा आकडा बघून कागद फेकू नका. वर्षभराच्या पट्ट्या एका दोऱ्यात ओवून ठेवा. फळे किंवा भाजीपाल्याच्या पट्टीवर आडत या नावाने, किंवा दुसऱ्या कोणत्याही नावाने तेवढीच रक्कम कापलेली दिसली, तर बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या, पट्टीची प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. त्या पोचेवर तारीख असते. उत्तर किती दिवसांत आले ते त्या तारखेपासून मोजा, आणि आले नाही तर तीच पोच घेऊन पुन्हा जा.